आगमनवेळेचा अंदाज : वाहतुकीचे गणित आणि नागरी धोरण

म्हैसूर शहरात राजवाड्याच्या नैर्ऋत्येस चामराजपुरम ही जुनी वसाहत आहे. म्हैसूर–चामराजनगर लोहमार्गावर म्हैसूर जंक्शन आणि अशोकपुरम यांच्या दरम्यान याच नावाचे एक छोटे स्थानकही आहे. येथून शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या परीक्षा केंद्रावर मोटारीने किंवा बसने जायचे झाल्यास अंतर किती, याचे उत्तर एकच असते आणि ते नकाशावर मोजता येते. वेळ किती लागेल, याचे उत्तर मात्र पहाटे एक, सकाळी दहा वाजता दुसरे आणि विजयादशमीच्या दुपारी तिसरेच असते. अंतर हे मोजमाप आहे, तर आगमनवेळ हे अनुमान आहे. मोटारीतील किंवा भ्रमणध्वनीवरील दिशादर्शक प्रणाली ‘२१ मिनिटे’ असा आकडा दाखवते, तेव्हा ती घड्याळाप्रमाणे वेळ सांगत नसते. ती हवामान खात्याप्रमाणे भाकीत करत असते.

हे भाकीत कसे तयार होते, ते कोठे चुकते आणि त्याचा शहराच्या वाहतुकीवर काय परिणाम होतो, हे समजून घेणे विज्ञान व तंत्रज्ञान, पायाभूत सुविधा आणि प्रशासन या तिन्ही अभ्यासघटकांच्या दृष्टीने उपयुक्त आहे.

रस्त्यांचे जाळे : आलेखाची भाषा

संगणकाच्या दृष्टीने शहर म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचे जाळे होय. प्रत्येक चौक हा एक बिंदू आणि दोन चौकांमधील रस्ता ही एक रेषा असते. गणितात अशा रचनेला ‘आलेख’ म्हणतात. प्रत्येक रेषेला एक भार दिलेला असतो. तो भार अंतराचा असेल तर सर्वांत जवळचा मार्ग मिळतो आणि वेळेचा असेल तर सर्वांत जलद मार्ग मिळतो.

असा मार्ग शोधण्याची मूलभूत रीत नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभबिंदूपासून सर्वांत कमी भाराचा बिंदू निश्चित करायचा, मग त्याच्या पुढच्या बिंदूंचे भार तपासायचे आणि असे करत गंतव्यस्थानी पोहोचायचे, हे तिचे सार आहे. आजच्या प्रणालींमध्ये या रीतीच्या अधिक वेगवान सुधारित आवृत्त्या वापरल्या जातात. मार्ग शोधण्याचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटलेला आहे. खरा कठीण प्रश्न प्रत्येक रेषेवरचा वेळेचा भार ठरवण्याचा आहे, कारण तो क्षणोक्षणी बदलतो.

वाहन कोठे आहे?

भार ठरवण्यासाठी प्रथम वाहनांचे स्थान कळावे लागते. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांना लागलेल्या वेळेवरून ग्राहकयंत्र स्वतःचे स्थान काढते आणि त्यासाठी किमान चार उपग्रह दृष्टिपथात असावे लागतात. अमेरिकेने आपल्या जीपीएस प्रणालीच्या नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेतील घट मे २००० मध्ये रद्द केली. त्यानंतर नागरी वापरातील चूक कित्येक दशक मीटरवरून काही मीटरपर्यंत खाली आली आणि मोटारीतील दिशादर्शन खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाले.

भारताने या क्षेत्रात स्वतःची प्रादेशिक प्रणाली उभारण्याचा मार्ग स्वीकारला. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये प्रक्षेपित झाला आणि २०१६ मध्ये या प्रणालीला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. भारत व त्याच्या सीमेपासून सुमारे १,५०० कि.मी. पर्यंतचा प्रदेश हे तिचे प्रमुख सेवाक्षेत्र आहे. दुसऱ्या पिढीतील एनव्हीएस–०१ हा पहिला उपग्रह २९ मे २०२३ रोजी सोडण्यात आला. त्यात स्वदेशी बनावटीचे अणुघड्याळ बसवण्यात आले होते.

तरीही उपग्रहाने दिलेले स्थान रस्त्यावर नेमके बसत नाही. काही मीटरच्या चुकीमुळे उड्डाणपुलावरील वाहन खालच्या रस्त्यावर किंवा मुख्य रस्त्यावरील वाहन शेजारच्या सेवारस्त्यावर दिसू शकते. म्हणून लागोपाठच्या अनेक स्थानांचा विचार करून वाहन कोणत्या रस्त्याने गेले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, हे संभाव्यतेच्या गणिताने ठरवले जाते. या क्रियेला ‘नकाशा–जुळणी’ म्हणता येईल. ही जुळणी चुकली, तर पुढील सारे गणित चुकते.

वेग कोण सांगतो?

पूर्वी वाहतुकीची माहिती रस्त्याखाली पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून किंवा कॅमेऱ्यांतून मिळत असे. ही यंत्रणा खर्चिक असून ती मोजक्याच ठिकाणी बसवता येते. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर चित्र पालटले. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक फोन, त्यावरील स्थानसेवा सुरू असल्यास, एक फिरता मापक बनला. वापरकर्ता सेवा घेतो आणि त्याच वेळी इतरांसाठी माहितीही पुरवतो. गूगलने नकाशावर वाहतुकीची स्थिती दाखवणारी सेवा अमेरिकेत २००७ मध्ये आणि भारतातील काही महानगरांत २०१२ मध्ये सुरू केली. बंगळूर, मुंबई आणि पुणे यांचा त्या शहरांत समावेश होता.

या पद्धतीची मर्यादा एका जर्मन कलावंताने २०२० मध्ये जगासमोर आणली. सायमन वेकर्ट यांनी ९९ फोन एका हातगाडीत ठेवून ती बर्लिनच्या मोकळ्या रस्त्यांवरून सावकाश ओढत नेली. नकाशावर तो रस्ता कोंडी दर्शवणाऱ्या लाल रंगात दिसू लागला. प्रणालीला प्रत्यक्ष मोटारी दिसत नाहीत, तिला केवळ फोनची हालचाल दिसते, हे यातून स्पष्ट झाले.

भारतीय रस्त्यांवर ही अडचण अधिक गुंतागुंतीची होते. येथे दुचाकी, रिक्षा, मोटार, बस आणि हातगाडी एकाच पट्ट्यातून चालतात. कोंडीत उभ्या मोटारींच्या फटींतून दुचाकी पुढे सरकते. दुचाकीस्वारांच्या फोनवरून काढलेला वेग मोटारचालकाला लावला, तर आगमनवेळ अवास्तव कमी दिसेल. म्हणून वाहनाचा प्रकार ओळखून वेगाची स्वतंत्र वर्गवारी करावी लागते. गूगलने दुचाकीसाठीचा स्वतंत्र पर्याय २०१७ च्या अखेरीस प्रथम भारतातच उपलब्ध करून दिला, याचे कारण हेच होय.

सरासरीचा सापळा

वेगावरून वेळ काढताना एक चूक सहज घडते आणि स्पर्धा परीक्षांतील अंकगणितातही ती विद्यार्थ्यांना वारंवार फसवते. समजा, चामराजपुरमपासून परीक्षा केंद्रापर्यंतचा ६ कि.मी.चा मार्ग प्रत्येकी २ कि.मी.च्या तीन खंडांत विभागला आहे. या खंडांवरील वेग अनुक्रमे ताशी ४०, २० आणि १० कि.मी. आहेत.

वेगांची साधी सरासरी ताशी सुमारे २३.३ कि.मी. येते. त्या वेगाने ६ कि.मी. जाण्यास सुमारे साडेपंधरा मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात मात्र तीन खंडांना अनुक्रमे ३, ६ आणि १२ मिनिटे, म्हणजे एकूण २१ मिनिटे लागतात. प्रवासाचा खरा सरासरी वेग ताशी सुमारे १७.१ कि.मी. आहे. अंतरे समान असतील तेव्हा हरात्मक सरासरी घ्यावी लागते, हा नियम येथे लागू होतो. मंद खंडावर अंतर तेवढेच असले तरी वेळ अधिक जातो. म्हणून दिशादर्शक प्रणाली वेगांची सरासरी न काढता प्रत्येक खंडाच्या वेळेची बेरीज करते.

आताचा वेग आणि पोहोचण्याच्या क्षणीचा वेग

वरील उदाहरणातही एक त्रुटी उरते. तिसऱ्या खंडावर ताशी १० कि.मी. हा वेग आताचा आहे. वाहन तेथे ९ मिनिटांनंतर पोहोचणार आहे. तोपर्यंत गर्दी वाढून वेग ताशी ८ कि.मी. झाला, तर त्या खंडास १२ ऐवजी १५ मिनिटे लागतील आणि एकूण वेळ २४ मिनिटे होईल. प्रवास लांबचा असेल तर ही तफावत अधिक वाढते. बंगळूरहून सायंकाळी निघालेल्या वाहनासाठी म्हैसूरमधील त्या क्षणाची स्थिती जवळजवळ निरुपयोगी असते. ते पोहोचेल तेव्हाची स्थितीच महत्त्वाची ठरते.

म्हणून प्रणाली दोन प्रकारची माहिती एकत्र करते. पहिली ऐतिहासिक, म्हणजे त्या खंडावर त्या वारी त्या वेळी सामान्यतः किती वेग असतो याची नोंद. दुसरी तात्कालिक, म्हणजे गेल्या काही मिनिटांत तेथून गेलेल्या वाहनांचा वेग. जवळच्या खंडांसाठी तात्कालिक माहितीला आणि दूरच्या खंडांसाठी ऐतिहासिक माहितीला अधिक वजन देणे, हे त्यामागील साधे तत्त्व आहे.

गर्दी आणि वेळ यांचा संबंध सरळ रेषेत नसतो. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने १९६४ मध्ये दिलेल्या प्रसिद्ध सूत्रानुसार, रस्त्यावरील वाहतूक त्याच्या क्षमतेच्या निम्मी असेल तर प्रवासवेळ १ टक्क्यापेक्षाही कमी वाढतो. ती क्षमतेइतकी झाल्यास १५ टक्क्यांनी वाढतो आणि दीडपट झाल्यास सुमारे ७६ टक्क्यांनी वाढतो. मोकळ्या रस्त्यावर १० मिनिटांचा प्रवास अशा वेळी साडेसतरा मिनिटांच्या पुढे जातो. या सूत्रातील गुणांक तेथील रस्त्यांसाठीचे आहेत आणि मिश्र वाहतुकीच्या भारतीय रस्त्यांसाठी ते नव्याने काढावे लागतात. परंतु एक निष्कर्ष सर्वत्र लागू पडतो. क्षमतेच्या सीमेवर पोहोचलेल्या रस्त्यावर थोडीशी जास्त वाहनेही मोठा विलंब घडवतात, आणि नेमका तेथेच अंदाज करणे सर्वांत कठीण असते.

शिवाय एका खंडावरील कोंडी मागच्या खंडांवर पसरत जाते. खंडांमधील हा परस्परसंबंध पकडण्यासाठी अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधार घेतला जातो. गूगल आणि डीपमाइंड यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत लगतच्या खंडांचे गट करून त्यांच्यावर आलेखाधारित न्यूरल जाळे वापरण्यात आले. अनेक शहरांत अंदाजातील मोठ्या चुकांचे प्रमाण त्यामुळे लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यांनी नमूद केले.

म्हैसूरचा अनुभव : बसची वेळ

आगमनवेळेचा प्रश्न केवळ मोटारमालकांचा नाही. थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला बस केव्हा येईल, हे कळणे तितकेच महत्त्वाचे आहे. या बाबतीत म्हैसूरचा अनुभव अभ्यासनीय ठरतो. केंद्र शासनाने जागतिक पर्यावरण सुविधा आणि जागतिक बँक यांच्या साहाय्याने २०१० मध्ये शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्प हाती घेतला. त्यात महाराष्ट्रातील पुणे व पिंपरी–चिंचवड यांच्याबरोबर म्हैसूरचाही समावेश होता. या प्रकल्पांतर्गत कर्नाटक राज्य रस्ते परिवहन महामंडळाने म्हैसूरच्या सुमारे ५०० शहर बसगाड्यांसाठी बुद्धिमान वाहतूक प्रणाली उभारली. बसमध्ये स्थाननिदर्शक यंत्र, मध्यवर्ती नियंत्रण कक्ष आणि प्रमुख थांब्यांवर येणाऱ्या बसची माहिती देणारे फलक असे तिचे स्वरूप होते.

बसचा अंदाज मोटारीपेक्षा काही बाबतीत सोपा, तर काही बाबतीत अवघड असतो. मार्ग आधीच ठरलेला असल्याने मार्गनिवडीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु धावण्याच्या वेळेत प्रत्येक थांब्यावरील थांबण्याचा वेळ मिळवावा लागतो, आणि तो चढणाऱ्या–उतरणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून असतो. एक बस उशिरा आली की तिच्यासाठी अधिक प्रवासी जमतात, त्यामुळे ती आणखी रेंगाळते आणि मागची बस तिला गाठते. एकाच मार्गावरील दोन बस लागोपाठ येण्याचे आणि नंतर दीर्घकाळ एकही न येण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. नियंत्रण कक्षाला बसचे स्थान कळत असेल, तर ही साखळी तोडता येते. म्हणजे येथे आगमनवेळ ही केवळ माहिती न राहता व्यवस्थापनाचे साधन बनते.

अंदाज कोठे फसतो?

भाकिताचा पाया भूतकाळ असल्याने जे पूर्वी घडलेले नाही किंवा क्वचित घडते, तेथे ते फसते. म्हैसूरच्या दसऱ्यात विजयादशमीला राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुमारे ५ कि.मी. ची जंबू सवारी निघते आणि मध्यवर्ती रस्ते वाहनांसाठी बंद केले जातात. वर्षातील उरलेल्या दिवसांची नोंद त्या दिवशी कामाची नसते. पुण्यातील गणेश विसर्जनाच्या वेळीही हीच स्थिती असते. रस्ते बंद असल्याची अधिसूचना पोलिसांनी वेळेत आणि यंत्रवाचनीय स्वरूपात दिली, तर प्रणाली चुकीचा मार्ग दाखवणार नाही. माहिती कागदी पत्रकातच राहिली, तर पहिली काही वाहने अडकल्यानंतरच प्रणालीला कोंडीचा पत्ता लागतो.

नवा रस्ता हे दुसरे कारण आहे. बंगळूर–म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे लोकार्पण १२ मार्च २०२३ रोजी झाले. ११८ कि.मी. च्या या मार्गामुळे सुमारे ३ तासांचा प्रवास सुमारे ७५ मिनिटांवर येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. अशा वेळी जुनी नोंद निरुपयोगी ठरते आणि नवी जमा होण्यास काळ जातो. पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून या मार्गाच्या मुख्य पट्ट्यांवर दुचाकी, रिक्षा आदी संथ वाहनांना बंदी घालण्यात आली. त्यामुळे वाहनाच्या प्रकारानुसार मार्ग आणि वेळ दोन्ही बदलले.

तिसरे कारण सरासरीच्या स्वरूपातच दडलेले आहे. समजा, एकाच मार्गावरील १० प्रवासांपैकी ८ प्रवासांना २० मिनिटे आणि रेल्वे फाटक बंद असल्याने २ प्रवासांना ४० मिनिटे लागली. सरासरी २४ मिनिटे येते, पण २४ मिनिटे एकाही प्रवासाला लागलेली नाहीत. सरासरीवर विसंबून निघालेला उमेदवार दहापैकी दोन वेळा परीक्षागृहाच्या बंद दारासमोर उभा राहील. म्हणून वाहतूक नियोजनात सरासरी वेळेबरोबर ‘विश्वसनीयता’ हा स्वतंत्र निकष मानला जातो. रुग्णवाहिका, परीक्षार्थी किंवा रेल्वे गाठणारा प्रवासी यांच्या दृष्टीने सर्वांत संभाव्य वेळेपेक्षा ‘दहापैकी नऊ वेळा पुरेल इतका वेळ’ हा आकडा अधिक मोलाचा आहे.

अंदाजाचा वाहतुकीवर परिणाम

हवामानाच्या भाकिताने पाऊस बदलत नाही, परंतु वाहतुकीच्या भाकिताने वाहतूक बदलते. एखादा पर्यायी रस्ता पाच मिनिटांनी जलद असल्याचे हजारो चालकांना एकाच वेळी सांगितले, तर तो रस्ता लवकरच जलद राहत नाही. प्रत्येक चालकाने स्वतःपुरता सर्वांत जलद मार्ग निवडला, तर शेवटी वापरात असलेल्या सर्व मार्गांची वेळ सारखी होते, हे ब्रिटिश अभियंता जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये मांडले. मात्र अशा समतोलात सर्वांचा मिळून लागणारा वेळ किमान असेलच, असे नाही. जर्मन गणितज्ञ डीट्रिख ब्राएस यांनी १९६८ मध्ये तर असे दाखवले की, काही परिस्थितींत नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवास लांबू शकतो.

येथे विकासाचा मूळ प्रश्न पुढे येतो. मुख्य रस्त्यावरील तीन मिनिटे वाचवण्यासाठी वाहने निवासी गल्ल्यांतून वळवली गेली, तर वाचलेला वेळ चालकाच्या खाती जमा होतो. गोंगाट, प्रदूषण आणि अपघाताचा धोका मात्र शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आणि वृद्ध पादचाऱ्यांच्या वाट्याला येतो. जलद मार्ग कोणता, हे गणित सांगू शकते. तो मार्ग कोणासाठी खुला असावा, हा निर्णय नगरप्रशासनाचा आहे.

धोरणात्मक चौकट

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण, २००६ ने वाहनांऐवजी माणसांची वाहतूक केंद्रस्थानी मानली. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बहुतेक सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र आणि आपत्कालीन कळ अनिवार्य करण्यात आली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीच्या अटीतून मुक्त केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले.

याची दुसरी बाजू गोपनीयतेची आहे. घर कोठे, कार्यालय कोठे, रुग्णालयात कितीदा जाणे झाले, हे सारे स्थानाच्या नोंदींतून उघड होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. अंदाजासाठी समूहाचा वेग पुरेसा असतो, व्यक्तीची ओळख आवश्यक नसते. हे तत्त्व पाळल्यास उपयुक्तता आणि गोपनीयता यांचा मेळ बसू शकतो.

समारोप

आगमनवेळेचा अंदाज तीन आधारांवर उभा असतो : अचूक नकाशा, पुरेशी तात्कालिक माहिती आणि भूतकाळावरून भविष्य काढणारे गणित. गणित जगभर सारखेच उपलब्ध आहे. नकाशा अद्ययावत ठेवणे, रस्ते बंद असल्याची, फाटकांची आणि बसगाड्यांची माहिती खुली करणे, ही कामे मात्र स्थानिक आहेत आणि ती सार्वजनिक संस्थांनीच करावयाची आहेत. ती झाली, तर चामराजपुरमच्या थांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही मोटारीतील प्रवाशाइतकीच विश्वासार्ह वेळ कळू शकेल. खासगी फोनमधील ही सोय सर्वांसाठी सार्वजनिक सेवा बनवणे, हे या क्षेत्रातील खरे आव्हान आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका मार्गाच्या समान अंतराच्या दोन खंडांवर वेग ताशी ६० आणि २० कि.मी. आहे. प्रवासाचा सरासरी वेग काढा आणि तो ताशी ४० कि.मी. का नाही, ते स्पष्ट करा.

२. भारतातील मिश्र वाहतुकीमुळे आगमनवेळेच्या अंदाजात कोणत्या अडचणी निर्माण होतात?

३. ‘प्रत्येकासाठी सर्वांत जलद मार्ग हा शहरासाठी सर्वोत्तम मार्ग असतोच असे नाही.’ चर्चा करा.